काही वाटलं तर या, म्हणजे नेमकं काय वाटलं तर?

‘पोट फुगलंय, धार नाही, मुलगा आहे. व्हॉल्व्हच असणार,’ असं डॉक्टर सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले असते तर मला निदान कळलं असतं की हे मला सांगतायत. ते शेजारी उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टरांना शिकवत होते. टेबलावर माझं नुकतं जन्मलेलं बाळ होतं आणि मी, त्याची आई, सिझरचे टाके सांभाळत भिंतीला टेकून उभी होते. बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

त्या आजाराचं नाव पोस्टीरियर युरेथ्रल व्हॉल्व्ह. डॉक्टर लोक नुसतं पीयूव्ही म्हणतात. हा फक्त मुलग्यांना होतो. लघवीच्या नळीत जन्मतःच एक पातळ पडदा असतो. लघवी बाहेर यायला लागली की तो फुगतो आणि वाट अडवतो. मग लघवी मूत्राशयात तुंबते, मूत्राशयाची भिंत जाड होते आणि सगळा दाब मागे किडन्यांवर जातो. वेळेत वाट मोकळी केली नाही तर किडन्या जातात. माझं म्हणणं हे की, एवढं सांगायला किती वेळ लागला असता? मला मात्र हे मोबाइलवर, इंग्रजीतून, खाटेवर पडून वाचावं लागलं.

बरं, हे आकाशातून पडलेलं संकट नव्हतं. आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत बाळाच्या किडनीला सूज दिसली होती. ‘असतं एखाद्याला, जन्मल्यावर बघू,’ असं तिथल्या डॉक्टर बाई म्हणाल्या होत्या. बाळ जन्मलं आणि कुणीही बघितलं नाही. वॉर्डातल्या सिस्टर रोज विचारायच्या, ‘लघवी होतीय का?’ मी सांगायची, ‘थेंब थेंब होतीय.’ त्या म्हणायच्या, ‘होतीय ना? मग झालं.’ म्हणून हे वाचणाऱ्या प्रत्येक आईला पहिलं सांगणं. मुलग्याची लघवी धारेनं आली पाहिजे. दुपटं नुसतं ओलं होतंय यावर समाधान मानू नका. पोट गच्च लागत असेल तर, ‘कसलं काय, गॅस असेल,’ म्हणणाऱ्या प्रत्येकाशी भांडा.

भांडण मला जमतं. माझं माहेर कोल्हापुरात मंगळवार पेठेत, तिथं ते आईच्या दुधातूनच मिळतं. बाळाचं कळल्यावर, ग्रहणात गरोदर बाईनं काही चिरलं की पोरात खोट येते असं मानणारी गल्लीतली एक मावशी वॉर्डात भेटायला आली आणि पहिल्या वाक्याला म्हणाली, ‘गिराणात काय चिरलंतीस गं?’ मी म्हटलं, ‘काहीच न्हाय मावशी. तुमची जीभ तेवढी चिरायची राह्यली.’ आईनं कपाळाला हात लावला. मला मात्र त्या आठवड्यात तेवढंच एक बरं वाटलं.

माझा नवरा महेश कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत सुपरवायझर आहे. त्याच्या कारखान्यात पंपाचे सुटे भाग होतात. व्हॉल्व्ह म्हटल्यावर त्याला उलट धीर आला. ‘जाम झालाय म्हणजे काढायचा, एवढंच की,’ असं तो मला समजावत होता. त्याला बिचाऱ्याला काय माहीत, की कारखान्यातला पंप बंद ठेवून दुरुस्त करता येतो आणि हा चालू ठेवूनच करायचा होता.

आधी एक बारीक नळी घालून तुंबलेली लघवी काढली. मग क्रिएटिनिन तपासलं. ही रक्ताची तपासणी आहे, किडन्या रक्त किती स्वच्छ करतायत ते यावरून कळतं. आकडा जितका वाढेल तितकं वाईट. मग एमसीयू केलं, म्हणजे नळीतून मूत्राशयात औषध सोडून एक्स-रे काढतात आणि अडथळा कुठं आहे ते बघतात. अडथळा होताच. डावी किडनी आधीच फार बिघडलेली होती, उजवी तग धरून होती. आता जे काही करायचं ते त्या उजव्या किडनीसाठी, हे मला कळलं. तेव्हापासून मी दुसरं काही मागितलेलं नाही.

पडदा दुर्बिणीतून जाळून टाकतात. पण आमचं बाळ, राजवीर, वजनाला फार कमी होतं आणि दुर्बीण त्याच्या लघवीच्या नळीत जाईना. म्हणून मोठ्या डॉक्टरांनी दुसरं ऑपरेशन ठरवलं. त्याला व्हेसिकॉस्टॉमी म्हणतात. बेंबीच्या थोडं खाली पोटाला एक भोक ठेवायचं आणि मूत्राशय तिथं उघडायचं. लघवी खालून न येता सरळ पोटावरून डायपरमध्ये गळत राहते. बाळ मोठं झालं की पडदा जाळायचा आणि ते भोक बंद करायचं. ऑपरेशन चांगलं झालं. हे मी मुद्दाम लिहितेय. डॉक्टरांच्या हातात कला होती, ती नाकारणारी मी कोण?

नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेर एक लांब बाक होता. आम्ही बायका तिथं दूध काढलेल्या वाट्या धरून बसायचो. आत कुणाचं बाळ कसं आहे हे काचेच्या दाराच्या फटीतून कळेल तेवढंच कळायचं. राउंड व्हायचा, डॉक्टर बाहेर यायचे, आम्ही उभ्या राहायचो, ते ‘ओके आहे’ म्हणत निघून जायचे. शाळेत असताना साहेब आले की उभं राहायचो तसंच. मी बी.एस्सी. झालेली बाई, पण ‘ओके म्हणजे काय?’ हे विचारायला माझं तोंड उघडेपर्यंत डॉक्टर जिना उतरलेले असायचे.

घरी सोडताना मोठे डॉक्टर दोन मिनिटं उभे राहिले. ‘ओपनिंग केलंय, युरिन तिथून येत राहील. डायपर वरपर्यंत लावा. जागा कोरडी आणि स्वच्छ ठेवा. औषध चुकवू नका. काही वाटलं तर या.’

काही वाटलं तर या. हे वाक्य तुम्हाला कुठल्याही दवाखान्यात मिळेल. काय वाटलं तर? ते कुणी सांगत नाही. आयुष्यात पहिल्यांदा पोटाला भोक असलेलं बाळ हातात घेतलेल्या माणसांना काय वाटायला हवं, हे कुठून कळायचं?

बाळंतपणासाठी मी माहेरीच होते. बाळ घरी आलं म्हटल्यावर बिद्रीजवळच्या आमच्या गावाहून सासूबाई आल्या. आम्ही त्यांना आत्ती म्हणतो. आत्तींचं वर्णन काय करावं? धिप्पाड बाई, आवाज असा की गोठ्यातून हाक मारली तर ऊस भरायला आलेला ट्रॅक्टरवाला थांबतो. चार पोरं वाढवली, भावकीतली डझनभर न्हाऊ-माखू घातली. माझं आणि त्यांचं लग्नापासून पटलेलं नाही. मीठ किती घालायचं इथपासून आमचे मतभेद आहेत. पण नातवाला मांडीवर घेतलं आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. ‘एवढंसं लेकरू, आन् त्याला चाकू लावला व्हय,’ असं म्हणून त्या पदर तोंडाला लावून रडल्या.

पोटावरच्या भोकाकडे बघायला सुरुवातीला कुणीच तयार नव्हतं. माझी आई तर मान फिरवायची. आत्तींनी मात्र दुसऱ्या दिवसापासून सगळं हातात घेतलं. कोमट पाण्यानं पुसणं, मऊ जुन्या पातळाचे तुकडे उकळून वाळवणं, डायपर बदलणं. कातडी लाल व्हायला लागली तशी त्यांनी डायपर कमी करून दुपटी वाढवली. मी गुपचूप झोपून घेत होते. खरं सांगायचं तर त्या दिवसांत त्या बाईशिवाय माझं काही झालं नसतं.

काही दिवसांनी एका दुपारी बाळ फार रडलं. पाळण्यात घातलं तरी रडे, घेतलं तरी रडे. आत्तींनी दुपटं सोडलं तर त्या भोकातून लालभडक, ओलसर काहीतरी वर आलेलं. लहानशा टोमॅटोएवढं. मी मागं सरकले. आत्तींच्या चेहऱ्यावर मात्र भीती नव्हती, ओळख होती.

‘काय न्हाय गं, घाबरू नगंस. रडून रडून वर आलंय. बेंबी येती तसंच हाय हे.’

आता हे नीट समजून घ्या, कारण सगळं इथंच घडलं. आमच्याकडे लहान बाळाची बेंबी रडून फुगून वर आली की तिच्यावर नाणं बांधतात. स्वच्छ कापडात नाणं गुंडाळायचं, बेंबीवर हलकं दाबायचं आणि वरून पट्टा बांधायचा. पिढ्यान् पिढ्या बांधतात. बेंबी बहुतेक बाळांची आपोआपच आत बसते, पण श्रेय नाण्याला मिळतं. माझ्या नवऱ्याला बांधलेलं, मलाही बांधलेलं. आत्तींनी बांधलेल्या कितीतरी बेंब्या आज शेतात औत धरतायत. त्यांना त्या जागेवर बेंबीसारखंच काहीतरी दिसलं आणि त्यावरचा इलाज हातात होता.

‘डॉक्टरला फोन लावायचा का?’ मी विचारलं.

‘लाव की. पर बेंबी वर आली म्हणून कोण डॉक्टरला फोन लावतंय व्हय? मी बांधतो, बघ, चार दिसात आत जातंय का न्हाय.’

मी फोन लावला नाही. आम्हाला काही वाटलंच नाही. ‘काही वाटलं तर या’ म्हणाले होते आणि आम्हाला जे वाटलं ते हे, की हे आम्हाला माहीत आहे.

आणि पुढं जे झालं त्यानं तर आम्ही सगळे खूशच झालो. संध्याकाळी दुपटं बदलताना आत्ती ओरडल्या, ‘आगं ये, ये हिकडं! खालनं आली बघ!’ खरोखरच बाळाच्या लघवीच्या जागेवर थेंब येत होते. वरची वाट बंद झाली म्हणून देवानं खालची उघडली, असंच सगळ्यांना वाटलं. महेश कारखान्यातून आला तर आत्तींनी त्याला दारातच सांगितलं, ‘वरनं बांधलं तवा खालनं आलं की रं! डॉक्टरला काय कळतंय!’ माझ्या आईनं देवापुढं साखर ठेवली.

खालून थेंब येणं ही आनंदाची गोष्ट नव्हती. वरची वाट दाबून बंद झाली होती आणि आतलं मूत्राशय पुन्हा तुडुंब भरून त्या पडद्याच्या फटीतून झिरपत होतं. म्हणजे ऑपरेशनच्या आधीची जी अवस्था होती, तिथंच आम्ही बाळाला परत नेऊन ठेवलं होतं. ज्या उजव्या किडनीसाठी सगळं चाललं होतं, तिच्यावरच दाब चढत होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं म्हणतात ना, ते असं. फक्त आग कुठं लागते हे आम्हाला कुणी दाखवलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजवीर दूध ओढेना. एरवी छातीशी धरलं की तुटून पडणारं पोर मान टाकून पडलं होतं. हातपाय गार होते आणि रंग राखाडी दिसत होता. नवजात बाळाला इन्फेक्शन झालं की ताप येईलच असं नाही, उलट ते गार पडू शकतं. हेही मला नंतर कळलं. मी त्याला दुपट्यात गुंडाळलं, महेशनं गाडी काढली आणि आत्ती मागं बसून सगळा रस्ता अंबाबाईला हाका मारत राहिल्या.

तातडीच्या विभागात ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी पट्टा सोडला, नाणं ट्रेमध्ये पडलं. त्याखालचं लाल मांस आता जांभळं पडलं होतं. डॉक्टरांनी बोटानं जागा मोकळी करून नळी आत घातली आणि घाण वासाची लघवी भसकन बाहेर आली. मग ते आमच्याकडे वळले.

‘हे कुणी केलं?’

आत्ती म्हणाल्या, ‘म्या बांधलं.’

‘अडाणीपणाची काही हद्द असते आजी! कुठल्या काळात राहता? नातू मारायचा होता का?’

हे सगळं सगळ्यांसमोर. सलाईन लावलेले पेशंट उठून बघायला लागले. ज्या बाईपुढं गावाचा सरपंच आवाज चढवत नाही, ती माझी सासू पदर सावरत मागं सरली. बाहेर गेली आणि जिन्याजवळ फरशीवर बसून राहिली. महेश तिला उठवायला गेला तर म्हणाली, ‘मला हात नगं लावू. म्या मारलं त्याला.’

राजवीरला युरोसेप्सिस झालं होतं. म्हणजे लघवीतलं इन्फेक्शन रक्तात उतरलं होतं. क्रिएटिनिन ऑपरेशनच्या आधी होतं त्याच्याही वर गेलं. पुन्हा तोच काचेचा दरवाजा, तोच बाक, हातात त्याच वाट्या. फरक एवढाच, की आता आमच्या नावापुढं एक शिक्का बसला होता. सिस्टर एकमेकींना सांगायच्या, ‘ते नाणंवालं बाळ.’ माझ्या माहेरी आलेल्या प्रत्येकानं आत्तींना नावं ठेवली. माझ्या आईनंही ठेवली, जी आदल्या दिवशी देवापुढं साखर ठेवत होती.

मोठे डॉक्टर भेटले ते त्यांच्या खोलीत. टेबलापलीकडे ते, अलीकडे मी आणि महेश. ते शांतपणे सांगायला लागले. जे बाहेर आलं ते मूत्राशयाची आतली बाजू होती. मोजा उलटा होतो तशी ती भोकातून बाहेर उलटते. याला प्रोलॅप्स म्हणतात. ‘व्हेसिकॉस्टॉमीमध्ये हे नोन कॉम्प्लिकेशन आहे,’ ते म्हणाले.

नोन म्हणजे ठाऊक असलेलं. मी विचारलं, ‘कुणाला ठाऊक असलेलं?’

ते म्हणाले, ‘म्हणजे, हे होऊ शकतं. आम्हाला अपेक्षित असतं.’

‘तुम्हाला अपेक्षित होतं. मग आम्हाला का नाही सांगितलं?’

‘ताई, एवढं सगळं सांगितलं की नातेवाईक घाबरतात.’

माझा तोल तिथं सुटला. ‘घाबरू दे की! घाबरलो असतो तर पळत तुमच्याकडं आलो असतो. न घाबरता घरात बसलो म्हणून तर हे झालं. लाल मांस बाहेर येईल, आलं तर दाबू नका, बांधू नका, लगेच या. एवढं बोलायला किती वेळ लागला असता तुम्हाला? तुमच्या डॉक्टरांनी त्या म्हाताऱ्या बाईला सगळ्या दवाखान्यासमोर अडाणी म्हटलं. ती अडाणी नाही. तिला जे माहीत होतं ते तिनं केलं. तुम्हाला जे माहीत होतं ते तुम्ही सांगितलं नाही. मग अडाणी कोण?’

‘तुम्ही आत्ता इमोशनल आहात,’ ते म्हणाले.

होते. मूल काचेपलीकडे नळ्या लावून पडलेलं असताना आई कशी असावी अशी यांची अपेक्षा असते, हे मला आजही समजलेलं नाही. महेशनं माझा हात धरून मला खाली बसवलं. पण खाली बसल्यावर तोही म्हणाला, आणि हा माणूस कधी कुणाला उलटून बोलत नाही, ‘साहेब, आमच्याकडं नवीन पोरगं मशीनवर घेतलं तर पहिल्या दिवशी कशानं हात तुटतो ते सांगतो आम्ही. मशीन कसं चालवायचं ते नंतर.’

डॉक्टरांनी ऑपरेशनच्या संमतीचा कागद आमच्याकडे सरकवला.

पुन्हा ऑपरेशन झालं. भोक नव्यानं करून मूत्राशय आतून नीट टाचलं. अँटिबायोटिक शिरेतून खूप दिवस चाललं. क्रिएटिनिनचा आकडा रोज कळायचा आणि आमचा दिवस त्यावर ठरायचा. तो उतरला, पण सावकाश, जणू आमच्यावर उपकार करत असल्यासारखा. डावी किडनी गेली. म्हणजे आहे, पण काम करत नाही. उजवी वाचली. ती किती वर्षं साथ देईल हे कुणी सांगू शकत नाही, आणि यावेळी मी ते थेट विचारलं म्हणून ‘सांगू शकत नाही’ हे तरी सांगितलं गेलं.

लोक मला म्हणाले, ‘देव तारी त्याला कोण मारी.’ ठीक आहे. पण देवानं तारायचं आणि डॉक्टरांनी गप्प राहायचं, अशी कामाची वाटणी मला मान्य नाही.

आत्ती रोज गावाहून एसटीनं यायच्या, भाकरीचा डबा माझ्या हातात द्यायच्या आणि बाहेरच्या बाकावर बसायच्या. आत येत नव्हत्या. बाळ वॉर्डात माझ्याजवळ आलं तरी त्या दारातूनच बघायच्या. मी म्हटलं, घ्या. त्या म्हणाल्या, ‘नगं बाई. माझ्या हाताला काय लागलंय कुणास ठावं.’ चोर सोडून संन्याशाला फाशी दिलेली मी डोळ्यांनी बघत होते. लग्न झाल्यापासून या बाईनं जरा गप्प बसावं म्हणून मी नवस बोलायची तेवढी बाकी होते, आणि आता तिचं गप्प बसणं मला बघवत नव्हतं.

म्हणून दुसऱ्यांदा घरी सोडायची वेळ आली तेव्हा मी अडून बसले. मोठे डॉक्टर राउंडला आले आणि मला सांगायला लागले. मी म्हटलं, ‘मला नको. बाहेर बाकावर माझ्या सासूबाई बसल्यात, बाळाचं सगळं त्या करतात. त्यांना सांगा.’

‘तुम्ही सांगा ना त्यांना.’

‘अडाणी म्हणताना मला मध्यस्थ नेमलं नव्हतं.’

डॉक्टरांच्या मागचे शिकाऊ डॉक्टर खाली बघायला लागले. आत्तींना बोलावून आणलं. त्या भिंतीशी अंग चोरून उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी आधी घाईत सुरुवात केली. मग आत्तींनी विचारलं, ‘ते लाल आलं तर हात लावायचा न्हाय?’ ते म्हणाले, ‘नाही. स्वच्छ ओलं फडकं वर ठेवायचं आणि तसंच घेऊन यायचं. काळंनिळं दिसलं तर एक मिनिटही थांबायचं नाही.’ आत्तींनी पुढं विचारलं, ‘आन् खालनं धार आली तर ते चांगलं का वाईट?’

डॉक्टरांनी बाळाच्या खाटेवर हात टेकला. ‘आत्ता चांगलं नाही, आजी. वरून नीट गळत असताना खाली दोन थेंब आले तर चालतील. पण वरचं बंद पडून खाली यायला लागलं, किंवा दुपटं कोरडं राहायला लागलं, तर वाईट. पडदा काढल्यावर मग खालून आलेली धार चांगली.’

‘हे आदी सांगिटलं असतंसा तर…’ आत्ती एवढंच म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, ‘हो. सांगायला हवं होतं.’

ती माफी होती का, मला माहीत नाही. आत्तींनी पदराला हात पुसले आणि बाळाला उचलून घेतलं.

पुढचं वर्ष दीड वर्ष कसं गेलं त्याची कथा मोठी आहे, पण तुमच्या कामाचं तेवढं सांगते. भोकाभोवतीची कातडी सोलवटते, तिला मलम लावून हवा द्या. भोक कधी आक्रसतं, मग दुपटं कमी भिजतं, तर कोरड्या दुपट्यावर खूश होऊ नका. इन्फेक्शन पुन्हा पुन्हा होतं. बाळ दूध सोडत असेल, उलट्या करत असेल, मलूल असेल तर आधी लघवी तपासायला सांगा, दात येतायत म्हणून सोडून देऊ नका. वजन मोजत राहा. आणि नातेवाइकांत जी बाई बाळाचं सगळं करते, आजी असो, मावशी असो, तिला डॉक्टरांच्या खोलीत सोबत न्या. तिला बाहेर बसवून तुम्ही एकट्या आत गेलात तर घरी आल्यावर तुमचं अर्धंमुर्धं सांगणं आणि तिचा आयुष्यभराचा अनुभव यांची कुस्ती लागते. कुस्तीत अनुभव जिंकतो.

राजवीर मोठा झाला, दुर्बीण आत जाण्याएवढा. पडदा जाळला आणि त्याच वेळी पोटावरचं भोकही बंद केलं. नळी काढल्यावर आम्ही सगळे त्याच्याकडे बघत बसलो. त्यानं आम्हाला बराच वेळ बघत बसवलं आणि मग जी धार सोडली ती थेट आत्तींच्या अंगावर. आत्तींचा आवाज त्या दिवशी परत आला. ‘आलीऽऽ! ही चांगली! ही चांगली धार हाय!’ असं त्या ओरडल्या, तर पलीकडच्या वॉर्डातली सिस्टर काय झालं म्हणून पळत आली.

अशा लिखाणाच्या शेवटी आभार मानायची रीत आहे. मानते. मोठ्या डॉक्टरांच्या हातांचे मनापासून आभार, त्या हातांमुळे माझं पोर आज अंगणात पळतंय. त्यांच्या तोंडाचे आभार मात्र मी राखून ठेवले होते.

मागच्या महिन्यात मी आणि आत्ती राजवीरला घेऊन तपासणीला गेलो. आम्ही खोलीत असतानाच एक जोडपं आत आलं. बाई बाळंतीण, हातात दुपट्यातलं बाळ, मागं एक आजी दाराला धरून उभ्या. त्यांच्याही बाळाचं तेच ऑपरेशन झालं होतं आणि आज ते घरी चालले होते. मोठे डॉक्टर माझ्याकडे बघून खुलले. त्या बाईला म्हणाले, ‘हे बघा, या ताईंना भेटा. त्यांच्या मुलाला हेच होतं, आता एकदम छान आहे. बाहेर बसून त्यांना सगळं विचारून घ्या, त्या व्यवस्थित सांगतील.’

त्या पोरीनं माझ्याकडे इतक्या आशेनं बघितलं की माझ्या तोंडात आलेलंच होतं. सांगितलंही असतं, मला सगळं पाठ आहे. पण मी म्हटलं, ‘मी नाही सांगणार, डॉक्टर. मी ऐकते. तुम्ही सांगा.’

दारातला माणूस पुढचा नंबर पुकारायला लागला. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी राजवीरला कडेवर घेतलं आणि तिथंच उभी राहिले. आत्तींनी आणखी बरं केलं. त्या माझ्या शेजारच्या खुर्चीवर ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, ‘सांगा की सायेब. आमास्नी कसली घाई न्हाय.’

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्या बाळाला टेबलावर घ्यायला सांगितलं, दुपटं सोडलं आणि दारातल्या आजींना हात करून जवळ बोलावलं.

‘आजी, तुम्ही पुढे या. हे भोक दिसतंय ना? यातून कधीतरी लाल मांसासारखं काहीतरी बाहेर येईल. ते आलं तर काय करायचं नाही, ते आधी सांगतो.’